शेवटची पितळी पट्टी

७ मार्च, रविवार
नेमबाजी क्लबची वार्षिक सभा. सामने चालवणाऱ्या गेलनने जाहीर केलं की रिव्हॉल्वरचा गट यंदा शेवटचा, पुढच्या वर्षीपासून बंद. म्हणे रिव्हॉल्वर घेऊन कुणी येतच नाही. कसे येतील? सगळ्यांकडे वीस-वीस गोळ्यांची पिस्तुलं, नेम धरायची गरजच नाही, पाणी शिंपडल्यासारखं झाडत सुटायचं. आणि असल्या लोकांना हा टाळ्या वाजवतो.
भिंतीवर अक्रोडाच्या लाकडाची पाटी आहे. दर वर्षीच्या रिव्हॉल्वर विजेत्याची पितळी पट्टी तिच्यावर लागते. एकच जागा उरली आहे, ती भरली की संपलं, म्हणाला.
त्या पाटीवर एमिल कुबिचेक अकरा वेळा आहे. माझे वडील. खाली डार्ला कुबिचेक चार वेळा. माझी धाकटी बहीण. लाइल कुबिचेक एकदाही नाही. अख्ख्या काउंटीला वाटत असेल की एमिलला एकच मूल होतं.
शेवटची पट्टी माझी. ठरलं.
घरी येऊन नॅडीनला सांगितलं. ती म्हणाली, तू रिव्हॉल्वर हातात तरी धरली आहेस का कधी? बायकोने नवऱ्याला असले प्रश्न विचारू नयेत.

१० मार्च
डार्लाच्या पार्लरमध्ये गेलो. डोक्याला रंग थापून बसलेल्या बायकांसमोरच सांगितलं की बाबांची रिव्हॉल्वर थोरल्याकडे असायला हवी होती, आजवर गप्प बसलो हा माझा मोठेपणा. भांडायच्या पूर्ण तयारीने गेलो होतो, मुद्दे पाठ केले होते. ती म्हणाली, घेऊन जा की, त्यात काय.
तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायची सोयच ठेवत नाही ही बाई.
संध्याकाळी स्वतः घरी आणून दिली. सोबत चकत्यांचा पत्र्याचा डबा. चकती म्हणजे काय हे मला लहान मुलासारखं समजावलं: हे एवढंसं पातळ पोलादी कडं, यात सहा गोळ्या अडकवायच्या, सहाच्या सहा एकदम सिलिंडरमध्ये. केसभर जरी वाकली तरी सिलिंडर फिरत नाही, ट्रिगर ओढला जात नाही. तेव्हा जपून वापर, फेकाफेक करू नकोस.
मी कधी काय फेकलंय?

२० मार्च, शनिवार
गेलनने मला नवशिक्यांच्या वर्गाला बसवलं. मला! अकरा पट्ट्यांचा वारस मी. शेजारी एक दंतवैद्य आणि एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, हातात हात घालून.
नियम काय, तर सेफ टेबलापाशी बंदूक हाताळा पण तिथे गोळीला हात लावायचा नाही. इतर कुठेही गोळ्या हाताळा पण बंदुकीला हात लावायचा नाही. दोन्ही एकत्र कधी, तर मैदानात उभं राहिल्यावर, गेलन 'तयार व्हा' म्हणेल तेव्हाच. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की माझी मान खाली गेली. डोळे मिटून ऐकत होतो. गेलन म्हणाला, लाइल, घोरतोयस.
हे नियम ज्यांना अक्कल नाही त्यांच्यासाठी असतात. मी विम्यासाठी गारपिटीचं नुकसान ठरवणारा माणूस. आयुष्य गेलं त्यात. मक्याच्या शेतात नुसता उभा राहिलो तरी सांगतो, कुठलं ताट गारेने मोडलं आणि कुठलं आधीच किडकं होतं. माणसंही तशीच ओळखतो.

२४ मार्च
रोज सकाळी अर्धा तास रिकाम्या रिव्हॉल्वरचा सराव. टायमर विकत घ्यायची गरज नाही, मायक्रोवेव्ह आहे. त्याची पीं झाली की उपसायची, टीव्हीवरच्या हवामानवाल्यावर नेम धरायचा, सहा वेळा ट्रिगर. मग चकती बदलायची.
वेग थक्क करणारा आहे. माझा.
नॅडीन म्हणाली, सूप गरम करायचं असेल तर मी काय करू? म्हटलं, थंड पी. सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

११ एप्रिल, रविवार
पहिला मासिक सामना. शेवटचा आलो.
कारणं:
वारा. नेब्रास्कात एप्रिलमध्ये सामना ठेवणाऱ्याचं डोकं तपासायला हवं.
टायमरची पीं आमच्या मायक्रोवेव्हपेक्षा फार बारीक आहे. ऐकूच येत नाही. बाकीचे झाडायला लागले असते तर कळलं असतं, पण इथे एकेकट्याला उभं करतात.
सहाव्या गोळीनंतर चकती बदलायची असते हे मला माहीत आहे. अगदी माहीत आहे. पण सातव्यांदाही ट्रिगर ओढला गेला. टिक. मग आठव्यांदा. टिक. मागून कुणीतरी म्हणालं, अरे, घड्याळ लावलंय का त्याने आत?
आणि हे ठिगळांचं खूळ. प्रत्येकाचं झाडून झालं की गेलन गुण मोजतो, आणि मग बाकी सगळ्यांनी मैदानात जाऊन पुठ्ठ्यांवरच्या भोकांना खाकी चिकट कागदाची ठिगळं लावायची, पडलेल्या लोखंडी थाळ्या उभ्या करायच्या. म्हणे रिवाज आहे. डॉक्टर असो, शेरीफ असो, सगळे ठिगळं लावतात. मी लावली नाहीत. मी माझ्या फेरीचा विचार करत होतो, एकाग्रता लागते. त्यावरून मला 'गव्हर्नर' नाव पडलंय. गव्हर्नर साहेब, सावलीत बसा. गव्हर्नर साहेबांना लिंबूसरबत द्या.
डार्ला पहिली. पार्लरमध्ये ठेवलेली तिची दुसरी, जुनी रिव्हॉल्वर घेऊन. गटात आम्ही दोघंच, म्हणजे तसा मी दुसरा. घरी 'दुसरा' सांगितलं.

१२ एप्रिल
संकल्प:
गोड बंद.
पुढच्या वेळी गोळ्या मोठ्याने मोजायच्या.
डार्लाशी बोलायचं नाही.

१३ एप्रिल
डार्लाने कोलाची पाठवल्या, जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव. आईच्या हातच्यासारख्या. पाच खाल्ल्या. गोड बंद उद्यापासून.

९ मे, रविवार
पुन्हा शेवटचा. म्हणजे दुसरा.
गोळ्या मोठ्याने मोजल्या. चारनंतर नॅडीनने मागून हात हलवला, मी गोंधळलो, सहानंतर पुन्हा चार आला. दोष कुणाचा हे उघड आहे. ती म्हणाली, डोळ्यांवरची माशी हाकलत होते रे. आज मदर्स डे आहे म्हणून मी जास्त बोललो नाही.
घरी येऊन गॅरेजमध्ये चकत्यांचा डबा हातातून निसटला. निसटला म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत गेला. झाकण उघडून चकत्या सगळीकडे. तेवढ्यात ट्रक थोडा मागे घेतला गेला. गॅरेजमध्ये जागा किती कमी आहे हे मी वीस वर्षं सांगतोय.

१० मे
सिलिंडर फिरत नाही. ट्रिगर ओढताना बोट तुटायची वेळ. बाबांच्या वेळच्या वस्तूंचा दर्जा लोक उगाच वाखाणतात.

जून
गारा. रोज एखाद्या शेतकऱ्याचं तोंड बघायचं आणि सांगायचं की चाळीस टक्के, साठ नाही. तो चिडतो, मी चिडतो. वहीला वेळ नाही.
गेलनच्या मक्याचं पस्तीस ठरवलं. तो नुसता टोपी काढून डोकं खाजवत राहिला. असा माणूस मला आवडत नाही. मनात ठेवतो.

११ जुलै, रविवार
सामना. निकाल लिहीत नाही.
परत येताना ट्रकमध्ये आठवलं. मी बारा वर्षांचा असेन. बाबा आम्हा दोघांना नदीकाठी घेऊन गेले होते, कुंपणाच्या खांबावर डबे ठेवले होते. डार्लाने पहिल्याच गोळीला डबा पाडला. नऊ वर्षांची कार्टी. मला ऊन लागलं म्हणून मी ट्रकमध्ये जाऊन बसलो, काचा वर करून, संध्याकाळपर्यंत. बाबांनी दोनदा काच वाजवली. पुढच्या रविवारी ते तिला एकटीला घेऊन गेले, आणि त्याच्या पुढच्याही. मला विचारलंच नाही. ऊन लागलेल्या मुलाला पुन्हा विचारायची काय पद्धत असते, मला माहीत नाही. पण विचारायला हवं होतं. ह्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचा राग येतो.

८ ऑगस्ट, रविवार
डार्लाने आज जे केलं ते मुद्दाम केलं. तिचा हात दिसतच नाही. सहा गोळ्या, कडं खाली पडलं, नवीन सहा आत, आणि हे सगळं चालता चालता. माझी फेरी संपेपर्यंत ती ठिगळं लावून, थाळ्या उभ्या करून, गेलनच्या बायकोशी केसांच्या कलपाबद्दल बोलून आली होती.
तिच्याकडे बघताना एक क्षण वाटलं, बाबाच उभे आहेत. तोच खांदा, तेच ओठ मिटणं. मग ती वळून हसली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.
असं दिसतंय की पट्टी ठरवणारा सप्टेंबरचा अंतिम सामना चुरशीचा होईल.

२९ ऑगस्ट
डार्ला माघार घेतेय!
गेलनकडून कळलं. अंतिम सामन्यात ती रिव्हॉल्वर सोडून पिस्तुलाच्या गटात उतरणार. म्हणे मनगट दुखतंय. पिस्तूल काय पायाने चालवतात? ती मला घाबरली. आठ ऑगस्टला मी शेवटच्या थाळीला जो नेम धरला होता तो तिने पाहिला असणार. लागला नाही ही गोष्ट वेगळी.
म्हणजे गटात मी एकटा. गेलन म्हणाला, लाइल, आता तुला फक्त यायचंय, सगळ्या फेऱ्या झाडायच्या, सही करायची आणि घरी जायचं. काही लागलं नाही तरी पट्टी तुझी. हे बोलताना तो माझ्याकडे न बघता डोकं खाजवत होता. पस्तीस टक्के अजून मनात आहेत त्याच्या.
मी म्हटलं, मला उपकाराची पट्टी नको, मी जिंकणार आहे. तो म्हणाला, हो, तसंच म्हणतोय मी.

३० ऑगस्ट
डार्ला चर्चच्या जेवणासाठी दोन हातांत दोन मोठ्या पराती घेऊन जाताना दिसली. दुखतंय म्हणे मनगट. बायकांना सहनशक्ती फार असते.

११ सप्टेंबर, शनिवार
संध्याकाळी डार्ला आली. नॅडीनने तिला गॅरेजमधल्या वाकड्या चकत्यांबद्दल सांगितलं होतं, माझ्या परवानगीशिवाय. डबा परवाच नेला होता म्हणे. एकेक चकती काचेवर ठेवून, पकडीने सरळ करून आणल्या. सगळ्यांत गोळ्या भरूनही आणल्या. म्हणाली, सगळ्या तपासल्यात, उद्या नुसता जा आणि झाड. बाकी काही करू नकोस.
आणि गेली. सोबत कोलाची.
विचार करतोय. जी बाई चार वेळा जिंकली, जी मला घाबरून गट सोडून पळाली, ती माझ्या चकत्या सरळ कशाला करेल? शेवटची पट्टी पाचव्यांदा तिला मिळत नाही तर मलाही मिळू नये, सरळ हिशोब आहे. उद्या मैदानात सिलिंडर अडला, एकही फेरी पूर्ण झाली नाही, की सगळे हसायला मोकळे. गव्हर्नर पडला. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताकही फुंकूनच पिणार.
'बाकी काही करू नकोस' हे तर फारच संशयास्पद आहे.

१२ सप्टेंबर, रविवार, सकाळ
हवा शांत. ऊन मागून. वारासुद्धा माझ्या बाजूने.
सगळा डबा तपासायला वेळ नाही. वरचीच एक चकती शर्टच्या खिशात घेतली. रेंजवर गेल्यावर बघतो. डार्लाबाई, मीही एमिलचाच मुलगा आहे.
नॅडीन आज सामना बघायला येतेय. न बोलावता. इस्त्रीचा ड्रेस घातलाय तिने.

तोच दिवस, दुपार, ट्रकमध्ये
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं, रागाने.
पोहोचल्या पोहोचल्या सेफ टेबलापाशी गेलो. बंदूक हाताळायची तर तिथेच, हा नियम मला पक्का लक्षात होता. वर्गात झोपलो होतो म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. रिव्हॉल्वर काढली, सिलिंडर उघडला, खिशातली चकती आत टाकली, बंद केला आणि अंगठ्याने हळूच फिरवून पाहिला.
लोण्यासारखा फिरला. कुठे अडला नाही, कुठे घासला नाही. चकती नव्याहून सरळ होती.
मागून गेलनचा आवाज. एकदम हळू. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. म्हणाला, लाइल, बोट ट्रिगरबाहेर ठेव, नळीचं तोंड त्या मातीच्या ढिगाकडेच राहू दे, आता सिलिंडर उघड, गोळ्या माझ्या हातात दे. दिल्या. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. मग म्हणाला, मित्रा, तू बाद.
मी म्हटलं, मी फक्त तपासत होतो. तो म्हणाला, भरलेली रिव्हॉल्वर घेऊन, सेफ टेबलावर. मी म्हटलं, नेम कुणावर धरला नव्हता. तो म्हणाला, हे तुला वर्गात किती वेळा सांगितलं. मी म्हटलं, गटात मी एकटाच आहे, मला बाद करून तुला काय मिळणार? तो म्हणाला, काही नाही रे. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय.
एकही गोळी झाडली नाही मी. सामना सुरूही झाला नव्हता. झेंडावंदन चाललं होतं, सगळे टोप्या काढून उभे, आणि त्या शांततेत माझा आवाज दूरपर्यंत गेला. काय काय बोललो ते लिहीत नाही. गेलनच्या मक्याचा उल्लेख करायला नको होता. नॅडीन तिच्या इस्त्रीच्या ड्रेसमध्ये जमिनीकडे बघत होती.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हात दाखवायला लावला कुणी? चकत्या वाकड्याच ठेवल्या असत्या तर मला संशय आला असता का?
घरी जायचं तर किल्ली नॅडीनकडे. काचा वर करून बसलोय.

तोच दिवस, संध्याकाळ
दोन वाजता डार्लाने काच वाजवली. मी बघितलं नाही. पुन्हा वाजवली. तिने काचेला ठिगळांचं भेंडोळं लावून धरलं होतं. म्हणाली, चल, माणसं कमी आहेत. आज तरी ये.
ट्रकमध्ये भयंकर उकडत होतं, म्हणून गेलो. दुसरं काही कारण नाही.
संध्याकाळपर्यंत ठिगळं लावली. काम तसं सोपं आहे, पण भोकाच्या मधोमध बसायला हवं, नाहीतर पुढच्याच्या गुणात घोळ. कुणी हसलं नाही. दंतवैद्य एकदाच म्हणाला, गव्हर्नर, डावीकडच्या पुठ्ठ्यावरचं एक राहिलं. लावलं.
डार्ला पिस्तुलाच्या गटात तिसरी आली. पहिल्यांदाच हातात धरलेल्या पिस्तुलाने. मनगटाबद्दल एक शब्द नाही.

१३ सप्टेंबर
राज्य संघटनेला तक्रार करणार. सेफ टेबल या नावाचीच. जिथे गोळी चालत नाही त्याला बंदुकीचं टेबल म्हणावं.
तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर रिव्हॉल्वरच्या गटात मला अंतिम सामन्यात कुणीही हरवलेलं नाही.

१४ सप्टेंबर
तक्रार उद्या.

२५ सप्टेंबर, शनिवार
क्लबमध्ये हंगामाचं शेवटचं जेवण. जायचं नव्हतं. नॅडीनने राजमा-मांसाची चिली रांधून ठेवली आणि म्हणाली, तू नाही आलास तर मी एकटी जाईन आणि लोकांना सगळं मला सांगावं लागेल. गेलो.
पाटीवर शेवटची पट्टी लागली आहे. यंदाचं वर्ष कोरलंय, पुढे कोरं. गेलनने स्वतः घासून लावली. म्हणाला, बाद झालेल्याचं नाव घालता येत नाही लाइल, आणि दुसरं कुणी नव्हतंच. मी म्हटलं, कळतं मला. मग मक्याबद्दल बोललो. म्हटलं, पंचेचाळीस होते ते, घाईत पस्तीस लिहिले, सोमवारी पुन्हा येऊन बघतो. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. चिली जास्त वाढून दिली.
बाहेर गाड्यांपाशी डार्लाला गाठलं. रिव्हॉल्वर आणि डबा परत द्यायला नेलं होतं. तिने घेतलं नाही. विचारलं, मनगट कसं आहे? म्हणाली, मनगटाला काय झालंय?
मग मी ओरडलो. पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, मला भीक कशाला घातलीस? कुणी सांगितलं होतं?
ती म्हणाली, बाबांनी.
शेवटच्या आजारपणात म्हणे. हॉस्पिटलमध्ये तिला जवळ बोलावून म्हणाले होते, एक दिवस हा गट बंद पडणार. त्या शेवटच्या वर्षी तू बाजूला हो. पाटीवर पोराचं नाव नाही, मला बरं वाटत नाही. त्या दिवशी नदीवर मी काच तिसऱ्यांदा वाजवायला हवी होती. समोर कुणी नसलं ना, की लाइल जिंकतो बघ.
ती घरी गेली. मी बराच वेळ ट्रकमध्ये बसलो. काचा खाली होत्या. नॅडीन शेजारी होती, आणि मी कुणावर रागावलो नाही. कुणावर रागवायचं तेच सुचेना.
बाबांनी आयुष्यात एकदा माझी खात्री दिली. समोर कुणी नसलं तर मी जिंकेन, एवढीच.
तीही त्यांनी जरा जास्तच दिली.